आबांना उंबरा बंद

ही गोष्ट १९९४ सालची, सुरतेला प्लेग आला त्या वर्षीची. धुळ्यात आमच्या गल्लीत ज्यूंचं एकच घर होतं, सॅमसन पेणकरांचं. एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले हे गृहस्थ सगळ्या गल्लीचे आबा, आणि त्यांच्या पत्नी रिबका सगळ्यांच्या अक्का. अक्कांची धाकटी बहीण लीया लग्न होऊन इस्रायलला गेली, ती पुन्हा दिसली नव्हती. त्यामुळे ठाण्याच्या सिनेगॉगची मंडळी जेरुसलेमच्या सहलीला निघताहेत हे कळताच अक्कांनी दोघांची नावं देऊन टाकली. आबांना नंतर सांगितलं.

"तिकडे दगड बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" आबा म्हणाले.

"दगड तुम्ही नका बघू. मला लीयाला बघायचंय."

गल्लीला सहल वगैरे ठाऊक नव्हतं. देवाच्या गावाला निघालेला माणूस तो यात्रेकरू, मग काशीला जावो की जेरुसलेमला. शेजारच्या मंजुळाबाईंनी दोघांना ओवाळलं, चांदभाई टेलरांनी हार घातले, पुढे ताशा लावून स्टँडपर्यंत पोचवलं. लहानथोर आबांच्या पाया पडले. एवढा मान आबांना निवृत्तीच्या दिवशीही मिळाला नव्हता. त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि तिथेच फसले.

ठाण्याला पोचल्यावर कळलं, प्लेगमुळे विमानं थांबली आहेत, सहल आता दसऱ्यानंतर. अक्का म्हणाल्या, तोवर भाच्याकडे राहू. आबांनी सरळ धुळ्याची गाडी धरली.

"देवाच्याच मनात नाही," वाटेत ते खुशीत म्हणाले. "दसऱ्यानंतर माझे गुडघे दुखणार आहेत, आत्ताच सांगून ठेवतो."

"बरं," अक्का म्हणाल्या.

धुळ्याला उतरून आबा जुन्या दोस्तांबरोबर डेपोत चहाला थांबले. अक्का रिक्षाने पुढे गेल्या. आबा गल्लीत आले तर घराला कुलूप तसंच, आणि अक्का मंजुळाबाईंच्या ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या.

"किल्ली द्या, मंजुळाबाई."

"किल्ली शे मन्हाजोडे. पन मी देनार नही. यात्राले निंघेल मानूस अर्धी वाटवरथीन घरमा पाय ठेवस नही."

"अहो, ही यात्रा नाही, सहल आहे."

"मंग बठ्ठी गल्ली पाया पडनी तवय काब्र नही सांगं?"

सगळी गल्ली पाया पडली तेव्हा का नाही सांगितलं, हा सवाल तिथेच टाकून आबा वळले. ते तडक चांदभाईंच्या दुकानात गेले. "तुम्ही तरी समजवा मंजुळाबाईंना. आमच्या धर्मात असलं काही नाही."

चांदभाईंनी मशीन थांबवलं. "धर्मात नसंल आबा. पण गल्लीत आहे ना. बसा, चहा घ्या."

दुपारी सामसूम झाल्यावर आबा मागच्या बाजूने परसाच्या भिंतीवर चढले. चढले खरे, पण पलीकडे उतरायला आधार सापडेना. मागच्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या भिकुबाईंनी हाक मारली, "आबा, तठे काय करी राहिनात?"

"छत्री राहिलीय घरात."

"बठा तठेच. मी स्टूल आनस."

स्टूल आलं, पण ते भिंतीच्या बाहेरच्या बाजूला लागलं.

मग दोघांचे मुक्काम सुरू झाले. आज मंजुळाबाईंकडे, उद्या भिकुबाईंकडे. यात्रेकरूला उपाशी ठेवायचं नाही, म्हणून जो तो आग्रह करी. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी. आबांचं पोट बिघडलं, तर औषध घरातल्या कपाटात आणि कपाट उंबऱ्याच्या आत. अक्का मात्र कुठल्याही घरी शांत झोपत. शेवटी आबांनी चौकातल्या बूथवरून ठाण्याला फोन लावला. "माझं नाव कायम ठेवा," सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आणि विमान नसेल तर बोटीने पाठवा."

दसऱ्यानंतर सहल निघाली. डिमोना गावात लीयाने दार उघडलं, दोघी बहिणी गळ्यात पडून रडू लागल्या. आबा बॅगा घेऊन बाहेरच उभे. लीया म्हणाली, "भावजी, या ना आत."

"येऊ? नक्की ना?" आबांनी विचारलं.

आबा पुढे सात वर्षं जगले आणि जेरुसलेम आपणच शोधून काढल्यासारखं त्याचं वर्णन करत राहिले. अक्का आता डिमोन्यात लीयाजवळ असतात, दोघींचं रोज भांडण होतं म्हणे. भिकुबाई लेकाकडे अमळनेरला गेल्या. मंजुळाबाईंना सुनेने एकदा विचारलं, ही चाल तुमच्या माहेरची का? त्या म्हणाल्या, "नही व. अक्कानी शे. रिक्षामाईन उतरताच तिनी मन्हा कानमा सांगी."

पण तोवर उशीर झाला होता, चाल सगळ्या गल्लीची झाली होती. चांदभाई हजला निघाले तेव्हा चष्मा विसरून कोपऱ्यावरून मागे आले. त्यांच्या बायकोने, जमीलाने, तो खिडकीतून दिला.