पोळ्याची रांग

"आजपासून माझा एकही प्रोग्राम अर्धा राहणार न्हाई!" तृप्तीनं भर स्वयंपाकघरात जाहीर केलं.

आई चांगुणाबाईंचा भाकरी थापता हात थांबला. तृप्ती भोकरदनला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची आणि घरी फावल्या वेळात प्रोग्राम लिहायची. आतापर्यंत तेरा सुरू केले होते. पूर्ण झाले होते, शून्य!

"आता लिहीन ते लगेच इंटरनेटवर टाकीन. चारचौघांनी पाह्यलं की लाजेकाजेस्तव तरी पुरं करावं लागतं."

"चारचौघांनी पाह्यचं तेवढंच राह्यलं होतं," आई म्हणाली.

चौदावा प्रोग्राम होता पोळ्याच्या रांगेचा. पिंपळगावात वेशीच्या तोरणाखालून पहिली बैलजोडी कारभारी आबांची, हा पिढीजात मान. पण त्यांच्या मागं कोण, यावर दरवर्षी अशी जुंपायची की बैलांच्या शिंगांचा रंग वाळून उडायला लागायचा. तृप्तीचा प्रोग्राम चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं उलटीपालटी करून रांग लावायचा. नमुना म्हणून तिनं आबांसकट गावातल्याच वीस जणांची नावं घातली, गावाच्या ग्रुपवर त्या पानाचा पत्ता टाकला आणि ऐटीत चहाला बसली.

चहा संपायच्या आत कचरूकाका दारात हजर! "तृप्ते, जिंकलीस पोरी! औंदा पहिला नंबर माझा!"

"काका, ते नुसतं नमुन्याला..."

"कोण म्हणतं तुझा?" मागून भुजंगकाका आले. "पहिला मी! हे बघ, लिहिलंय बराबर!"

दोघांचंही खरं होतं. जो कुणी पान उघडेल, त्याच्या मोबाईलवर नवीनच रांग लागत होती! गल्लीतल्या राधेश्यामनं तर पहिला नंबर येईपर्यंत पान उघडबंद केलं आणि आल्याबरोबर फोटो काढून ठेवला. तासाभरात अंगणात नऊ पहिले नंबर जमले, नऊ फोटोंसकट!

आणि मग काठी आपटत कारभारी आबा आले.

"आमचा मान तुझ्या मशिनीनं वाटून टाकला का गं?"

पोळा दोन दिवसांवर आलेला. वडील, साहेबराव, तिच्या कानाशी लागले. "काढून टाक जल्दी. तेरा अर्धे हायेतच, हा चौदावा."

मोह मोठा होता. पण आता चारचौघांनी नाही, सगळ्या गावानं पाहिलं होतं! तृप्ती उठून उभी राहिली.

"आबा, पहिला मान तुमचाच. मागची रांग पोळ्याच्या दिवशी वेशीत, सगळ्यांसमोर लागंल. एकदाच. मंग कुणी कितीदा बी उघडा, बदलणार न्हाई."

आबांनी विचार केला. "मशिनीला भावकी हाये का?"

"न्हाई."

"सोयरे?"

"न्हाई, आबा."

"मंग बिलकुल चालतंय!"

दोन दिवस तृप्ती खुर्चीला चिकटून बसली. आईनं ताट हातात दिलं तेव्हाच जेवली. पोळ्याला वेशीत आबांनी स्वतः बटण दाबलं, रांग लागली, आणि काय आश्चर्य, कुणी भांडलंच नाही! भांडायचं कुणाशी? हलगी वाजली, तोरण तुटलं आणि ऊन डोक्यावर असतानाच पोळा फुटला. शेजारच्या दोन गावांतून आलेले पाहुणे पानाचा पत्ता मागायला लागले. "साहेबरावाच्या पोरीनं गाव राखलं!" आबा ओरडले. तृप्तीला आनंदानं रडूच कोसळलं. चौदापैकी एक तरी पूर्ण झाला होता!

मिरवणूक सरत आली. सगळ्यात शेवटी, विसाव्या नंबरावर, एकोणीस जोड्यांनी तुडवलेला चिखल अंगावर घेत साहेबराव आपली जोडी हाकत वेशीत आले. लेकीसमोर थांबले.

"तेरा अर्धे ठेवलेस," ते म्हणाले, "हाच एक पुरा करायला तुला कुणी सांगितलं होतं?"