कमलबाईंचा हलका हात

कोणाच्या मनगटात घट्ट बांगडी दिसली की कमलबाईंचं डोकं फिरतं. औरंगपुऱ्यात बांगड्या भरून घेणाऱ्या एका अनोळखी बाईचा हात धरून त्या भर दुकानात ओरडल्या होत्या, "आवो, हात हाय का उसाचं कांडं? कायला आवळायलात?" दुकानदारानं आम्हा दोघींना बाहेर काढलं. मी तर तोंडही उघडलं नव्हतं.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. माझ्या आवाजाला मुलं टरकायची. आणि ही बाई माझ्याच घरात, चपला काढता काढता मला विचारते, "वहिनी, पिशवी कोण्या हातानं उचलली? खरं सांगा!"

दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, आणि मग डावा हात सुजला. रक्ताशिवाय अंगात आणखी एक पाणी फिरतं, डॉक्टर त्याला लसिका म्हणतात. काखेतल्या गाठींबरोबर त्याची वाट गेली की ते हातात तुंबतं. मसाज करून त्याला दुसऱ्या वाटेला लावायचं, हे कमलबाईंचं काम. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमकडं त्या ते शिकल्या, आता तिथल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरोघर जातात.

पहिल्या दिवशी मी तेल कोमट करून ठेवलं होतं. त्यांनी ती वाटी उचलून ओट्यावर नेऊन ठेवली. "भजे तळा याच्यात." मग सुजल्या हाताला शिवल्याच नाहीत. गळ्याच्या हाडावरच्या खळगीत बोटं ठेवून कातडी नुसती सरकवत बसल्या. नंतर उजवी काख. माझा पारा चढला. "अहो, सूज इकडं आहे!"

"दिसायली मला. पुढली मोरी मोकळी नाय केली तर मागचं पाणी जाईल कुठं?"

शेवटी डाव्या हातावर आल्या, तर माशी बसावी इतका स्पर्श. जरा जोर लावा म्हटलं, झालं! "जोर? दुधावरची साय सरकवायची असती, फाडायची नसती!" नंतर हातावर पट्ट्या गुंडाळल्या. मला लगेच लघवीला जावं लागलं आणि हात थोडा हलका वाटला, हे मी त्यांना मुद्दामच सांगितलं नाही.

"पूर्ण बरा कधी होईल?" मी विचारलं.

"बरा नाय होत. आवरल्या जातो. रोज आवरायचा, घरासारखा."

निदान खोटं तरी बोलावं माणसानं! दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग मुलीचं लग्न ठरलं आणि नव्या ब्लाउजची डावी बाही कोपराच्या वर चढेना. लग्नात लोकांनी नवरी सोडून माझा हात बघत बसावं, हे मला सहन होणार नव्हतं. पिशोरहून आमच्या मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. "असं गोंजारून कुठं सूज उतरती व्हय? आण इकडं." तिळाचं तेल लावून त्यांनी तीन दिवस हात मनसोक्त रगडला. कोणीतरी काहीतरी करतंय असं मला वाटलं. चौथ्या दिवशी हात लालबुंद, गरम आणि अंगात ताप.

कमलबाई त्यांच्या ठरल्या वारी आल्या. वाटीतलं तेल बघितलं, हात बघितला. ओरडल्या नाहीत. "आज मसाज नाय. लाल हाताला शिवायचं नसतं. डॉक्टरकडं चला." दवाखान्यात नर्सनं ब्लडप्रेशरचा पट्टा डाव्या दंडाला लावायला घेतला, तेव्हा मात्र कमलबाईंच्या "या हाताला आवळायचं नाय!"नं सगळा मजला हादरला. नंतर माझ्या शेजारी बाकावर येऊन पुन्हा गप्प.

मलाच राहवेना. "शिव्या द्या की मला! गप्प काय बसलात?"

"माझ्या अक्काचा हातबी असाच झाल्ता," त्या म्हणाल्या. "मीच रगडायची. बाळंतिणी चोळून चोळून हात लई जड झाल्ता माझा, गावात नाव होतं. अक्का म्हणायची, दाब कमल, बरं वाटायलंय. खोटं बोलायची, वहिनी. मला वाईट वाटू नये म्हून. गेली ती गाठीनंच, पण शेवटाला जे दुखलं ते माझ्या हातानं. ती गेल्यावर हे शिकले मी."

मला माझा राग आला, जाऊबाईंचा आला, त्या न पाहिलेल्या अक्काचासुद्धा आला.

ताप उतरला, डॉक्टरांनी मसाजला हो म्हटलं. लग्नाला आठ दिवस उरले होते. बाही शेवटी उसवून सैल करावी लागली, त्याची चिडचिड मनात होतीच. कमलबाईंनी मानेपासून सुरुवात केली. खांदा, दंड, कोपर. मनगटाशी आल्या आणि त्यांची बोटं थांबली.

"अक्का, दुखायलंय का?"

त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. मी डोळे उघडले नाहीत.

"नाही गं कमल," मी म्हटलं. "दुखलं तर सांगेन मी."