अर्ध्यातून वापस

डॉक्टर असो, न्हावी असो, नाहीतर बसचा ड्रायव्हर, नानाजी भोयरांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कधी अर्ध्यातून वापस आला का गा?"

ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही. न्हावी म्हणाला, "अर्धी दाढी सोडून मी कुठं जाऊ नानाजी?" तर नानाजी खुर्चीतून उठले आणि गळ्यातल्या फडक्यासकट घरी आले. हर्नियाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाही त्यांनी टेबलावर आडवं व्हायच्या आधी हेच विचारलं. सर्जन भला माणूस. तो म्हणाला, "एकदा पेशंटची नाडी आवडली नाही, तेव्हा न कापताच वॉर्डात परत पाठवला होता." नानाजी म्हणाले, "मंग कापा," आणि निवांत झोपले.

नागपुरातल्या नंदनवन वस्तीत मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायची. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि माझी जीभ तेव्हाही काही मऊ नव्हती. मी तोंडावर म्हणायची, "नानाजी, तुम्ही लोकांचं डोकं खाता." ते शांतपणे म्हणायचे, "खातो न बाई. डोकं खाल्ल्यानं कोनी मरत नाही."

त्यांची एकुलती एक लेक सुधा. तिला पाहायला एक मुलगा आला होता. चांगला इंजिनियर होता, दिसायलाही बरा. नानाजींनी त्याला तोच प्रश्न घातला. मुलगा छाती काढून म्हणाला, "मी हाती घेतलेलं कधी अर्धवट सोडत नाही." संपलं. पोह्यांच्या बश्या रिकाम्या व्हायच्या आत नानाजींनी हात जोडले. मुलाच्या वडिलांना वाटलं, पत्रिकेत काही निघालं असेल. सुधाची आई, आमच्या काकू, स्वयंपाकघरात डोक्याला हात लावून बसल्या होत्या. येत्या उन्हाळ्यात पोरीचं लग्न करायचंच, असं त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

आणि त्याच वर्षी सुधाने समुद्राचं खूळ डोक्यात घेतलं.

ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, पोहण्यात पटाईत होती. कॉलेजातल्या फळ्यावर तिने जाहिरात वाचली, समुद्रात कयाक चालवायच्या शिबिराची. कयाक म्हणजे एका माणसापुरती अरुंद, लांबोडकी होडी. वरून झाकलेली, मधल्या भोकात आपण पाय आत घालून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. आता नागपूरहून समुद्र कुठल्याही बाजूने निघालं तरी सारखाच दूर. मी इतकी वर्षं भूगोल शिकवत होते, पण समुद्र मीही नकाशावरच निळा पाहिलेला. मला वाटलं, नानाजी एका शब्दात नाही म्हणतील.

ते म्हणाले, "जाय. पन तुले नेनारा मानूस मी पाह्यतो."

सुधा माझ्याकडे येऊन रडली. "बाई, बाबांच्या परीक्षेत कोनीच पास होत नाही. लग्न झाल्यावर मले कोन जाऊ देते समुद्रावर?" खरंच होतं ते. जायचं तर त्याच नाताळच्या सुट्टीत जायला हवं होतं.

अशी शिबिरं नेणारे पहिले संयोजक धंतोलीतल्या एका हॉलमध्ये आले. मला भूगोलवाली म्हणून नानाजींनी सोबत नेलं. रंगीत चित्रं पडद्यावर दाखवली, निळं पाणी, हसरी माणसं. ते गृहस्थ मोठे रुबाबदार होते. नानाजी मागून उभे राहिले आणि त्यांनी आपला प्रश्न टाकला. गृहस्थ हसून म्हणाले, "आजोबा, आमची एकही सहल आजवर अर्ध्यातून परतलेली नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानाजी म्हणाले, "चाल वं सुधे." वाटेत मी विचारलं, "काहून हो? चांगला तर होता माणूस." ते म्हणाले, "वारा त्याले इचारून वाहते का बाई?" मी जास्तच चिडले.

दुसरे आले ते पेडणेकर सर, मालवणकडचे. काळेसावळे, बोलायला जड. जीपच्या टपावर एक कयाक बांधून आणली होती. फुटाळ्याच्या तलावावर मुलामुलींना दाखवायला त्यांनी ती पाण्यात सोडली. नानाजींनी आधी कयाक वाजवून पाहिली, मग तरंगती जाकिटं ओढूनताणून पाहिली. पोरं किती नेता, बरोबर शिकवणारे किती, समुद्रात कधी उतरवता, सगळं विचारून झालं. सर म्हणाले, आधी खाडीतल्या शांत पाण्यात शिकवतो. होडी उलटली तर बाहेर निघता येतं, दुसऱ्याला परत चढवता येतं, हे जमल्याशिवाय समुद्र दाखवत नाही. मग शेवटच्या दिवशी समोरच्या बेटापर्यंत नेतो.

मग नानाजींनी तो प्रश्न विचारला.

पेडणेकर सरांनी हातातलं वल्हं खाली ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आलोय. एकदा बेट समोर दिसत होतं. वाऱ्याची तऱ्हा बरी वाटली नाही. वळवलं. मग कितीतरी वेळ वारा काही सुटलाच नाही. लोकांनी मला वाट्टेल ते सुनावलं."

"मंग? पस्तावले का?"

"नाही. उद्या तसंच वाटलं तर उद्याही वळवीन."

 नानाजींनी सुधाला होडीत बसायची खूण केली. सरांनी शिकवलं तशी ती पाण्यात मुद्दाम उलटली. पालथी होडी तेवढी वर दिसत होती. पोरगी क्षणभर खाली होती, फार नाही. पण ती वर येऊन नाक पुसत हसली, तेव्हा मी पाहिलं, नानाजी धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. पोहता तर त्यांना येत नव्हतं. पोरंसोरं फिदीफिदी हसली, मीही हसले.

सुधा गेली. शिबिर होईतो नानाजी रोज फाटकाशी उभे राहून वाऱ्याकडे पाहायचे. मी म्हटलं, "नानाजी, नंदनवनातला वारा मालवणला जात नाही." ते म्हणाले, "मालूम हाये मले."

ती परतली ती नाकाचं सालपट निघालेली, काळी पडलेली आणि फुरंगटलेली. अंगणात पिशवी टाकून तिने पायरीवरच बसकण मारली. "नाही गेलो आमी बेटावर," म्हणाली. "अर्ध्यावर वारा फिरला. वापस आलो."

मला वाईट वाटलं. एवढ्या दूर गेलेली पोर. पण नानाजी चपला घालून तडक बाहेर पडले, ते संत्राबर्फीचा डबा घेऊनच आले आणि घरोघरी वाटत सुटले. लोक विचारायचे, "पोरीचं जमलं का नानाजी?" ते म्हणायचे, "नाही जी. पोरगी वापस आली."

शेवटची बर्फी माझ्यासाठी होती. मी हात पुढे केला नाही. म्हटलं, "पोरगी हिरमुसली आहे आणि तुम्ही मिठाई वाटून राहिले? काय माणूस आहात हो तुम्ही?"

ते सुधाशेजारी पायरीवर बसले. डबा मांडीवर ठेवला.

"बाई, माह्या धाकट्या भावाची, माधवची वरात होती," ते म्हणाले. "नवरी खाप्याची, नदीच्या त्या पारची. जेठाचा महिना, नदीले पानी नसाचं. पन वरतं कुठंतरी पाऊस झाला होता. आमी डोंग्यात बसलो. मधात गेलो तं पानी चढून राहिलं होतं. नावाडी म्हने, मालक, वापस घेऊ का? समदे माह्याकडं पाहाले लागले. घरात मोठा मीच." त्यांनी मांडीवरचा डबा घट्ट धरला. "मी म्हनलं, नवरदेव वापस फिरत नसते गा. अपशकुन होते."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"मले काठावरच्या लोकायनं ओढून काढलं," नानाजी म्हणाले. "माधव नाही सापडला. त्याच्या डोक्यावरचं बाशिंग सापडलं, खाली दूरवर."

 इतकी वर्षं भिंतीला भिंत होती, आणि मी या माणसाला विक्षिप्त म्हणून हसत होते.  मी बर्फी उचलली, पण तोंडात घालवेना.

सुधानेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. ती खाली मान घालून पायरीवरची माती नखाने कोरत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, मी एक सांगतलं नाही तुमाले. सरनं इचारलं होतं आमाले, वारा असा हाये, काय वाटते तुमाले? समदे गप होते. बेट तं समोरच होतं. मीच पहिले बोलली. म्हनली, सर, वापस घ्या." तिने नखातली माती झटकली. "पोट्टे अख्ख्या वाटेनं मले भित्री म्हनत आले."

नानाजी तिच्याकडे पाहत राहिले. साऱ्या जगाला विचारलेला प्रश्न त्यांनी स्वतःच्या लेकीला कधी विचारलाच नव्हता.

"तू म्हनली?"

"हो."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"समदे गप होते," ते म्हणाले, "मंग तू काय म्हनली? सांग वं, अजून एकदा सांग."