बसवलेली की घडीची

“मागे कायमची बसवलेली बरी, की घडी करून आत टाकायची बरी?”

चष्मेवाल्यांनी चहाचा घोट घेता घेता हे विचारलं आणि त्यांच्या बायकोने कप असा आदळला की बशीचा टवका उडाला. शिडीबद्दलचा हा प्रश्न त्या घरात गेले आठ महिने रोज सकाळी विचारला जात होता. कधीकधी संध्याकाळीसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, शिडीत एवढं काय आहे? तेच तर! पण चष्मेवाल्यांचा सगळा जन्म डोळे तपासण्यात गेला होता. समोरच्याच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, एक काच टाकायची, काढायची, दुसरी टाकायची आणि विचारायचं, “आता बरं दिसतं, की आता?” निवड करायची ती गिऱ्हाइकाने. चष्मेवाले फक्त विचारायचे. हीच सवय इतकी अंगात मुरली होती की घरी भाजी पातळ हवी की घट्ट, हेही त्यांनी आजवर स्वतःहून सांगितलं नव्हतं. दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि पंचाईत झाली. प्रश्न तेवढे राहिले, उत्तरं देणारी गिऱ्हाइकं गेली.

दुकान होतं तोवर सुट्टी म्हणून नव्हतीच. बायको समुद्र बघायचं म्हणायची, चष्मेवाले म्हणायचे, “निवृत्त झालो की जाऊ.” निवृत्त झाल्यावर त्यांनी खरोखरच एक जुनी घरगाडी घेतली. आत दोन माणसांचा पलंग, शेगडी, हातभर बेसिन, वर छताला उजेडासाठी उघडी करता येणारी चौकोनी झडप, आणि छतावर सामान बांधायला सभोवार लोखंडी कठडा. बायको इतकी हरखली की तिने त्याच दिवशी पडदे शिवून टाकले. पण सामान छतावर ठेवायचं म्हणजे वर चढायला शिडी हवी. गाडीच्या पाठीला कायमची बसवायची, की घडीची घेऊन लागेल तिथे टेकवायची? झालं. गाडी गल्लीत उभी राहिली ती राहिलीच. पडद्यांचा रंग उडाला.

“तुम्हाला काय वाटतं, ते सांगा आणि मोकळे व्हा,” बायको म्हणाली.

“मला काय वाटायचंय? दोन्हींत गुण आहेत. म्हणून तर तुला विचारतोय.”

“मी बसवलेली म्हटलं, तर तुम्ही घडीचीचे गुण सांगता. घडीची म्हटलं, की बसवलेलीची बाजू घेता!”

“म्हणजे तुला दोन्ही बाजू कळाव्यात म्हणून गं.”

बायको टवका उडालेली बशी उचलून आत गेली. चष्मेवाल्यांना वाटलं, विचार करायला गेली असेल. माणूस इतका भाबडा असू नये.

दुपारी त्यांनी शिडीवाल्याकडून वापरून बघायला आणलेली घडीची शिडी गाडीला टेकवली, मोजपट्टी दातांत धरली आणि वर चढले. बसवलेली शिडी घेतलीच, तर वरची कडी नेमकी कुठे येईल ते त्यांना बघायचं होतं. इकडून मोजलं, तिकडून मोजलं, आणि दोन्ही जागा सारख्याच चांगल्या निघाल्यावर डोकं शिणलं. छतावर ताडपत्रीची वळकटी पडली होती. तिच्यावर जरा पाठ टेकावी म्हणून आडवे झाले. ऊन उबदार, वाऱ्याची झुळूक, पोट भरलेलं. पाठ टेकली ती टेकलीच.

जाग आली ती छत थरथरायला लागल्यामुळे. डोळे उघडले, तर आभाळ मागे मागे सरकत होतं. झाडाची एक फांदी आली आणि डोक्यावरची टोपी घेऊन गेली. गाडी चालली होती! त्यांची घरगाडी, जी त्यांनी स्वतः गल्लीच्या टोकापर्यंतही नेली नव्हती!

‘चोर!’ असं मनात आलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. तेवढ्यात उघड्या झडपेतून खालून हसण्याचा आवाज आला. ते हसणं त्यांच्या ओळखीचं होतं. बायकोचं होतं. अरे देवा, चोराने बायकोही नेली!

ते झडपेपर्यंत सरपटत गेले आणि आत डोकावले. मागचा भाग रिकामा. पुढच्या दोन जागांवर दोन पाठमोऱ्या बायका. डावीकडे डुलत बसली होती ती त्यांची मेहुणी छकी, जी शाळेची बस चालवते. पण ती नुसतीच बसली होती. तिच्यासमोर चाक नव्हतं. चाक उजवीकडे होतं, आणि चाकावर त्यांच्या बायकोचे हात होते. बांगड्या मागे सारून, कोपरं सैल सोडून, डाळ घोटावी इतक्या सहज ती गाडी वळवत होती.

चोर परवडला असता. चोराचा एवढा धक्का बसला नसता. लग्नानंतर एकदा तिने “मी शिकू का गाडी?” असं विचारलं होतं. चष्मेवाले म्हणाले होते, “शिकावंसं वाटतं, की नाही शिकावंसं वाटत?” त्यानंतर विषय निघाला नव्हता.

“ताई, आता गिअर बदल. शाब्बास!” छकी म्हणाली. “दर बुधवारी भावजी दुकानात पुतण्याचं डोकं खायला जायचे ते बरंच झालं म्हणायचं.”

“थांबव! अगं, थांबव!” चष्मेवाल्यांना अखेर आवाज फुटला.

“रेडिओवर कोण गं एवढं ओरडतंय?” बायको म्हणाली.

“नाटक असेल काहीतरी,” म्हणत छकीने रेडिओ बंद केला. आणि मग खालचं बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागलं.

“ताई, भावजी घरी परत आले की त्यांना काय सांगणार आहेस?”

“काय सांगायचंय? विकली म्हणून सांगणार. गिऱ्हाईक ठरलंय, त्याला गाडी पसंत पडली की संपला विषय. त्यांना विचारलं तर म्हणतील, विकलेली बरी, की ठेवलेली बरी?”

“अगं, पण समुद्र?”

“आता कुठला समुद्र!” बायको म्हणाली, आणि तिचा आवाज जरा चिरकला. “आठ महिने रोज पडदे झटकतेय, छकी. रोज वाटतं, आज म्हणतील चल. बघवत नाही मला ती गाडी आता.”

चष्मेवाल्यांनी परत ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. गाडी विकणार? त्यांना न विचारता? आणि तीही ते वर असताना! बरं, ओरडावं तर कुठल्या तोंडाने? गाडी भर बाजारातून चालली होती. बसथांब्यावर उभ्या असलेल्या एका बाईंनी वर पाहिलं, चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. चष्मा चष्मेवाल्यांच्याच दुकानातला होता. नंबर चुकला असा बोभाटा नको, म्हणून त्यांनी ताठ बसून, मिरवणुकीत बसल्यासारखा, सावकाश हात हलवला. बाईंनी बावचळून नमस्कार केला.

गाडी गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानात थांबली. मैदानावर गिऱ्हाईक वाट बघत होतं. गळ्यात दुर्बीण, खांद्याला कॅमेरा. पक्ष्यांचे फोटो काढणारा हा माणूस रानावनात राहायला गाडी शोधत होता. चष्मेवाले वळकटीमागे आडवे झाले. नवऱ्याने असं चोरासारखं स्वतःच्याच गाडीवर लपावं म्हणजे काय, याची त्यांना लाज वाटत होती, पण उतरायचं कसं हेही कळत नव्हतं. कारण घडीची शिडी, बायकोच्या सवयीप्रमाणे, निघतानाच उचलून घरी दाराआड ठेवली गेली होती. बाहेर पडलेली वस्तू तिला बघवत नाही.

पक्षीवाल्याने आत बघितलं, इंजीन ऐकलं, चाकांना लाथा मारल्या. “झकास आहे! पडदे कोणी शिवले?”

“मीच,” बायको म्हणाली. ते सांगताना तिला रडू येतंय असं छतावरून वाटलं.

“घेतली समजा. फक्त एकच. मला वर उभं राहून फोटो काढायचेत. वर चढायची सोय काय?”



“शिडी आहे,” बायको चाचरत म्हणाली. “म्हणजे नाही. म्हणजे ठरायचीय.”

“मग मी मागे एक कायमची बसवून घेतो, त्यात काय!”

आता कुणाही शहाण्या माणसाने इथे गप्प बसावं. पण चष्मेवाल्यांच्या आठ महिन्यांच्या अभ्यासाला कोणी असं एका वाक्यात उडवून लावावं, हे त्यांना कसं सहन होणार?

“भोकं पडतील!” ते वरून गरजले.

पक्षीवाला दोन पावलं मागे उडाला. छकीने “आई गं!” म्हणून किंकाळी फोडली. बायको जागच्या जागी थिजली. तिने मान वर केली, तेव्हा कठड्यावरून विस्कटलेल्या केसांचं, लाल झालेलं, गालावर ताडपत्रीचे वळ उठलेलं तिच्या नवऱ्याचं तोंड तिच्याकडे बघत होतं.

“अहो!” ती कशीबशी म्हणाली. “तुम्ही... वर? चालत्या गाडीवर?”

“ते मग बोलू,” चष्मेवाले म्हणाले आणि पक्षीवाल्याकडे वळले. “बसवलेली घेतलीत, तर पत्र्याला भोकं पडतात. पावसाचं पाणी आत झिरपतं. शिवाय रात्री कोणीही वर चढून येईल.”

“मग घडीची घेतो,” पक्षीवाला दचकलेल्या आवाजात म्हणाला.

“घ्या ना. पण ती ठेवणार कुठे? पलंगाखाली ठेवलीत तर रस्ताभर खडखडते. चिखलात टेकवलीत तर सरकते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे,” इथे त्यांनी बायकोकडे बघितलं, “आपण वर असताना कोणीही काढून नेऊ शकतं.”

“म्हणजे बसवलेलीच बरी?”

“तिच्यातही गुण आहेत. हरवत नाही, घसरत नाही. पण मागचं दार अर्धंच उघडतं.”

“मग कुठली घेऊ?”

“ते तुम्हीच सांगायचं,” चष्मेवाले गोड आवाजात म्हणाले. “ही बरी वाटते, की ती?”

पक्षीवाल्याने डोकं खाजवलं. गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, बाजूला येऊन उभा राहिला. दुर्बीण उलटी धरून छताकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर तोच भाव उमटायला लागला जो बायकोने रोज सकाळी चहाच्या कपामागे बघितला होता.

“बाई,” तो शेवटी म्हणाला, “मी आधी शिडीचं ठरवतो. मग गाडीचं बघू.” आणि स्वतःशी पुटपुटत निघून गेला.

छकीला हसू आवरेना. बायको मात्र हसली नाही. तिने वर बघितलं आणि बोलायला लागली ती थांबेचना.

“गेलं ना गिऱ्हाईक? झालं समाधान? अहो, माझं वय काय, तुमचं काय! तुम्ही शिडीच मोजत बसा. मी एक दिवस अशीच निघून जाईन आणि तुम्ही विचाराल, गेलेली बरी, की राहिलेली बरी!”

चष्मेवाले ऐकत होते. एरवी अशा वेळी ते दोन्ही बाजू सांगायचे. आज त्यांना एकही बाजू सुचली नाही. ते एवढंच म्हणाले, “तू फार छान चालवतेस गं. बाजारातून एकदासुद्धा धक्का बसला नाही. मला माहीतच नव्हतं.”

“कसं माहीत असणार? कधी शेजारी बसलात?”

चष्मेवाल्यांना एवढं वाईट वाटलं की डोळे भरून आले. आणि डोळे भरून आलेल्या माणसाला छतावर बसणं शोभत नाही, म्हणून ते उतरायला निघाले. शिडी नव्हतीच. त्यांनी दोन्ही पाय झडपेतून आत सोडले. पाय गेले, गुडघे गेले, कंबर गेली, आणि पोट आलं.

“भावजी, श्वास सोडा!” छकी आतून पाय ओढत ओरडली.

“सोडलाय! आणखी किती सोडू?”

“मग घ्या!”

“घेतला तर आणखी अडकतो!”

बायकोने हे सगळं कमरेवर हात ठेवून बघितलं. मग ती शांतपणे चाकावर जाऊन बसली. “राहू दे तसंच. मोकळ्या हवेत आहेत. छकी, उद्या रविवार ना? बस इथे.” आणि गाडी सुरू झाली.

अर्धे आत, अर्धे बाहेर, असे चष्मेवाले निघाले. वारा तोंडावर आदळत होता. समोरून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून सलाम ठोकत होते. लाज वाटायचं आता संपलं होतं. थोड्या वेळाने पुढे रस्ता फुटलेला दिसला. डावीकडचा फाटा घराकडे जात होता, उजवीकडचा समुद्राकडे.

हिने घरी नेलं, तर उद्या दुसरं गिऱ्हाईक येईल. गाडी जाईल, मग बायको पडदे काढून घडी करून ठेवेल आणि पुन्हा कधी काही मागणार नाही. ‘घर बरं, की समुद्र?’ असं ओठांवर आलंही होतं. त्यांनी ते गिळलं. डोळे घट्ट मिटले आणि जन्मात पहिल्यांदा, कुणालाही न विचारता, छाती फाटेस्तोवर ओरडले,

“उजवीकडे! समुद्राकडे घे!”

त्यांनी घाबरत घाबरत डोळे उघडले आणि वाकून आरशाकडे बघितलं. आरशात उजवीकडे वळायचा दिवा केव्हाचाच लुकलुकत होता.