तात्यांच्या हातचा बार

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला आमच्या गल्लीत कुणी स्वतःची तंबाखू स्वतः मळत नसे. बबनतात्या मळू देत नसत. कुणी पुडी उघडली की ओट्यावरून त्यांचा हात पुढे येई. "आना इकडं. चुन्याचा अंदाज न्हाई तुमाला."

तात्या एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, घरात एकटे. सकाळी कामाला निघालेली गल्ली त्यांच्या ओट्यावर थांबे. टेम्पोवाल्या सलीमला चुना जास्त, मला बेताचा. "पत्रकाराचं कातडं पातळ हाय," हे त्यांचं निदान. मळून झालं की थाप मारून भुकटी उडवायची आणि तळहात पुढे. "घ्या, आन् लागा कामाला."

मी नगरच्या एका दैनिकाचा श्रीरामपूरचा वार्ताहर. मागे संपादकांनी तंबाखूवर लेख मागितला. मी तो चोख लिहिला. पानं वाळवताना आणि मुरवताना नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक रसायनं तयार होतात. शिवाय शिसं, कॅडमियम, आर्सेनिक सापडतं. चुन्यामुळे निकोटिन लवकर रक्तात उतरतं, नाडी आणि रक्तदाब वाढतो. सगळं दोनदा तपासून घेतलं. लिहिताना गालात बार होता, तेवढं लेखात आलं नाही.

तात्यांनी तो ओट्यावर मोठ्याने वाचायला लावला. नायट्रोसामाइनपाशी मला थुंकायला उठावं लागलं.

"आर्सेनिक म्हंजी उंदराच्या औषधातलं?" सलीमने विचारलं.

"हो, तेच."

"मग उंदरंच नाजूक म्हनायची, तात्या."

"लेख झकास," म्हणून तात्यांनी तळहात पुढे केला. मी चिमूट उचलली.

पुढे डाव्या गालाला तिखट झोंबू लागलं. तात्यांकडे उपाय तयार होता. "डावीकडं भाजलंय, तर उजवीकडं धरा. तवर ती बाजू बरी हुईल." रान पडीक ठेवावं तसा मी गाल पडीक ठेवला. तपासून लेख लिहिणाऱ्या माणसाला यात काही चुकीचं वाटलं नाही.

गाल बरा झाला नाही. एका सकाळी गरम चहाचा घोट मी गटारीत थुंकला, ते तात्यांनी पाहिलं. "आ करा." त्यांनी मोबाईलची बॅटरी तोंडात मारून पाहिलं. मग आत जाऊन सदरा बदलून आले. "चला श्रीरामपूरला."

दातांच्या डॉक्टरांनी पांढरा चट्टा पाहिला आणि त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत तात्या मला रस्त्यात अडवून एवढंच विचारत, "आलं का?" कर्करोग निघाला नाही. पण असा चट्टा पुढे तिकडे वळू शकतो, तंबाखू आजच बंद करा आणि तपासणीला येत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. मी मान हलवली. तात्यांनी माझ्याहून जास्त हलवली.

दुसऱ्या सकाळी ओट्यावर पुडी नव्हती, चुन्याची डबीही नव्हती.

"आजारी पत्रकार, आन् उपास आमाला?" सलीम कुरकुरला.

"माज्या हातानं आता कुनाच्याच तोंडात जायचं न्हाई," तात्या म्हणाले.

हळूहळू गल्ली पानटपरीकडे वळली.

परवा मी एका सभेला जायच्या घाईत ओट्यासमोरून निघालो होतो. तात्यांनी हाक मारली आणि सतरंजी हाताने झाडली.

"बसा की, पत्रकार. द्यायला काई न्हाई आता माज्याकडं. नुस्तंच बसा."

मी बसलो. त्या दिवशीच्या सभेची बातमी फोनवर विचारून लिहिली.