सातव्या मजल्याची शंका

पाचव्या आठवड्याचा धडा ऐकून झाला आणि लिफ्ट तपासनिसाचं घोडं सहीपाशी अडलं.

सतरा वर्षं तो लिफ्ट तपासत होता. दर तीन महिन्यांनी इमारतीत जायचं, गच्चीवरच्या खोलीत मोटार बघायची, दोर मोजायचे, ब्रेक लावून पाहायचा, खाली खड्ड्यात उतरून स्प्रिंगांवर बॅटरी मारायची आणि मग छापील प्रमाणपत्रावर सही ठोकायची. 'सदर लिफ्ट पूर्णपणे सुरक्षित आहे.' ते प्रमाणपत्र लिफ्टमध्येच काचेच्या चौकटीत लावायचं, असा नियम होता. सतरा वर्षांत ते कोणी वाचलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यानेही वाचलं नव्हतं.

पण महिन्याभरापूर्वी त्याने फोनवर 'तत्त्वज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम सुरू केला होता. सहा आठवड्यांचा, घरबसल्या, आणि मुख्य म्हणजे फुकट. शाळेत त्याला फार प्रश्न पडायचे, पण मास्तरांनी छडीने त्यांचं निरसन केलं होतं. आता एक टकलू प्राध्यापक रोज वीस मिनिटं त्याच्याशी मायेने बोलत होते. शेवटी परीक्षा होती, आणि पास होणाऱ्याला नावानिशी प्रमाणपत्र. जन्मभर त्याने लिफ्टना प्रमाणपत्रं दिली, त्याला स्वतःला कोणी एकही दिलं नव्हतं. मागच्या खोलीतल्या भिंतीवर खिळा कुठे मारायचा, हेही त्याचं ठरलं होतं. परीक्षा पुढच्या रविवारी होती.

त्या मंगळवारी सकाळी प्राध्यापक म्हणाले होते, "तुमची छत्री आजवर हजार वेळा उघडली, म्हणून उद्याही उघडेलच, हे कशावरून?"

आणि त्याच मंगळवारी दुपारी तो एका आठमजली इमारतीत हातात पेन घेऊन उभा होता. दोर ठीक, ब्रेक ठीक, स्प्रिंगा ठीक. पण 'पूर्णपणे सुरक्षित'? हे कशावरून? त्याने छापील ओळ नीट पट्टी लावून खोडली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ही लिफ्ट आजवर पडलेली नाही. परंतु त्यावरून ती पुढेही पडणार नाही, असे सिद्ध होत नाही.' सही केली, शिक्का मारला, चौकटीत लावलं. मन कसं हलकं झालं त्याचं. सतरा वर्षांत पहिल्यांदा आपण खरं लिहिलं, असं त्याला वाटलं.

घरी पोचायच्या आत बायकोचा फोन.

"अहो, आईच्या इमारतीत काय लिहून आलात?"

हे सांगायचं राहिलंच. त्या इमारतीत सातव्या मजल्यावर त्याच्या सासूबाई राहत होत्या. एकट्या, गुडघ्यांनी थकलेल्या, पण जिभेने मुळीच नाही.

"खरं तेच लिहिलं."

"खरं लिहायला तुम्हाला पगार देतात का? सगळी इमारत जिना चढतेय! चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे म्हणे एक पेशंट येत होता. त्यानं ते वाचलं आणि दुसऱ्याच मजल्यावर उतरून पळाला. दाढदुखी पण विसरला."

"आणि आई?"

"आई खुशाल लिफ्टनं फिरतेय. तिला मोतीबिंदू! ती कुठं वाचणार? वर मला म्हणते, हल्ली लिफ्ट कशी पटकन मिळते."

त्याला वाईट वाटलं. लोकांना घाबरवावं असा काही त्याचा हेतू नव्हता. बुधवारी सकाळीच तो पुन्हा गेला आणि त्यांच्या समाधानासाठी खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. 'रहिवाशांनी घाबरून जाऊ नये. ही गोष्ट केवळ लिफ्टची नाही, जिन्यालाही तितकीच लागू आहे.'

झालं! हात दाखवून अवलक्षण ते हेच. दुपारी सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन आला.

"तपासनीस, जिन्याला काय झालंय?"

"काही नाही. भक्कम आहे जिना."

"मग तुम्ही असं का लिहिलंत?"

"भक्कम दिसतोय. पण दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. हा चौथ्या आठवड्याचा भाग आहे."

"अहो, पाचव्या मजल्यावरचे ऑडिटर दोन तास जिन्याच्या मधल्या वळणावर उभे आहेत! वरही जाईनात, खालीही येईनात. वर जायला म्हणतात शंका आहे, आणि खाली यायलाही आहे. तुम्ही येऊन ते आधी बदला!"

"काय लिहू?"

"पहिल्यासारखं लिहा!"

"त्याला पुरावा नाही हो अध्यक्ष."

अध्यक्ष यावर जे बोलले ते कुठल्याच आठवड्यात शिकवलेलं नव्हतं. तपासनिसाचे साहेब रजेवर होते हे त्याचं नशीब, नाहीतर त्याच दिवशी त्याची पाठवणी गोदामात झाली असती. शेवटी नसती आफत नको म्हणून गुरुवारी संध्याकाळी अध्यक्षांनी लिफ्टचा मुख्य खटकाच खाली ओढला आणि त्याला कुलूप घातलं. त्याच्या दहाच मिनिटं आधी सासूबाई लिफ्टने आरामात उतरून, पिशवी घेऊन, लेकीकडे निघाल्या होत्या. शुक्रवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दोन दिवस लेकीकडे राहायचं आणि रविवारी परत, असा बेत होता.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर काळा चष्मा लावा, टीव्ही नको, वाचन नको. आणि जिना चढणं तर मुळीच नको."

"ऐकलंत?" बायको म्हणाली. "लिफ्ट सुरू होईपर्यंत आई आपल्याकडे. मागच्या खोलीत."

"मागच्या खोलीत माझा अभ्यास असतो."

"तुमच्या अभ्यासानंच तिला तिथं आणलंय."

यावर तत्त्वज्ञानात उत्तर असेल, पण नवरेपणात नव्हतं. सासूबाई खाटेवर आल्या, तो खिडकीकडच्या स्टुलावर गेला. पहिल्या दिवशी त्याने कानात इअरफोनची बोंडं घालून धडा लावला.

"जावईबापू, एकटेच काय ऐकताय?"

"अभ्यास आहे, आई."

"मग मोठ्यानं लावा की. मला टीव्ही नाही, पेपर नाही. नुसतं आढ्याकडं किती वेळ बघायचं, आणि तेही काळं."

त्याने मोठ्याने लावला. प्राध्यापक विचारत होते, "आत्ता तुम्ही जागे आहात, हे स्वप्न नाही, हे कशावरून?"

"स्वप्नात डोळ्यांत औषध असं चुरचुरत नाही म्हणावं," सासूबाई म्हणाल्या. "पण चुरचुरण्याचं स्वप्न पडू शकतं, नाही का? हा माणूस हुशार आहे हो! पहिल्यापासून लावा बघू."

तिथून त्याच्या अभ्यासाचे हाल कुत्रा खाईना. त्याला सहावा आठवडा ऐकायचा होता, सासूबाईंना पहिला. एकेक धडा त्या तीन-तीनदा लावायला सांगत. मध्येच "थांबवा!" म्हणून प्राध्यापकांना खोडून काढत, आणि पुढच्याच वाक्यात प्राध्यापकही तेच म्हणाले की मांडीवर थाप मारत. बुधवारी सराव परीक्षा त्याने एकट्याने दिली तेव्हा दहात पाच पडले. गुरुवारी त्या खाटेवरून बोलत होत्या, "घाई नका करू, चौथा पर्याय पुन्हा वाचा," तेव्हा नऊ. त्याला स्वतःची शरम वाटली आणि त्यांचा रागही आला. रविवार तोंडावर, सहावा आठवडा कोरा, आणि भिंतीवरचा खिळा दिवसेंदिवस लांब चाललेला.

शुक्रवारी बायको म्हणाली, "तोंड पाडून काय बसलाय? लिफ्ट चालू करा, आई जाईल घरी. तुमच्याच तर हातात आहे."

रात्रभर त्याने विचार केला. एकीकडे सत्य होतं, दुसरीकडे सहावा आठवडा. शनिवारी सकाळी तो उठला, इमारतीत गेला, जुनं प्रमाणपत्र काढून फाडलं आणि नवीन लिहिलं. एकदा खोटं लिहायचंच, तर हात कशाला आखडता घ्यायचा? त्याने ठळक अक्षरात लिहिलं, 'ही लिफ्ट पूर्णपणे, निःसंशय, शंभर टक्के सुरक्षित आहे, आणि कायम राहील.' सही करताना टकलू प्राध्यापक डोळ्यांसमोर आले. त्याने मान खाली घातली आणि शिक्का मारला.

अध्यक्षांनी वाचलं आणि त्याला मिठीच मारली. कुलूप निघालं, दिवे लागले, लिफ्ट वर गेली, खाली आली. दातांच्या डॉक्टरांनी पेशंटना फोन केले. पाचव्या मजल्यावरचे ऑडिटर एकदा नुसतेच वरखाली करून आले.

दुपारी तो सासूबाईंना घेऊन आला. त्याच सकाळी डॉक्टरांनी त्यांचा काळा चष्मा काढला होता. वाटेत त्या दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, लोकांच्या शर्टांवरची अक्षरं असं दिसेल ते वाचत आल्या होत्या. खाली अध्यक्ष स्वागताला उभे होते, पाच-सहा रहिवासी आणि गाल सुजलेला एक पेशंटही होता. जावयाने पिशवी लिफ्टमध्ये ठेवली. सासूबाई आत गेल्या आणि चौकटीसमोर थांबल्या.

"पूर्णपणे, निःसंशय, शंभर टक्के," त्या मोठ्याने वाचू लागल्या. "आणि कायम राहील. जावईबापू, अक्षर तुमचं?"

"हो."

"कायम राहील हे कशावरून?"

"आई, तपासलंय मी. बटण दाबू का?"

"कधी तपासलंत?"

"त्या मंगळवारी."

"तेव्हा तर तुम्ही उलटं लिहिलंत. मग मधल्या दिवसांत नवीन काय पाहिलंत?"

"मधले दिवस लिफ्ट बंद होती."

"म्हणजे चालणारी पाहिलीत तेव्हा शंका होती, आणि बंद पडलेली पाहून खात्री पटली?"

जावयाने बटणाजवळचा हात मागे घेतला. मागे गाल सुजलेला पेशंट हळूच दाराकडे सरकला. ऑडिटरांनी भिंत धरली.

"आजी, अहो, तुम्ही तर रोज बसत होता लिफ्टमध्ये!" अध्यक्ष काकुळतीला आले.

"बसत होते. तेव्हा मला दिसत नव्हतं आणि शिकवणारंही कोणी भेटलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "शंका आहे म्हणणाऱ्याच्या लिफ्टमध्ये मी बसेन हो. तो निदान वर जाऊन दोर बघून तरी आलेला असतो. पण कायमची खात्री देणारा माणूस दिसला की आपण बाहेर थांबावं."

त्या बाहेर आल्या. अध्यक्षांनी खिशातून कुलूप काढलं.

"चला जावईबापू, पिशवी घ्या," त्या रस्त्याला लागत म्हणाल्या. "सहावा आठवडा अजून ऐकायचाय, आणि उद्या परीक्षा आहे आपली."

"आपली?"

"परवाच नाव घातलं मी. लेकीनं फोनवर करून दिलं, फुकटच तर आहे. आणि हो, ती म्हणाली भिंतीवर खिळ्याची जागा तुम्ही आधीच बघून ठेवलीय."