काय काय लागतं विचारणारे जाधवकाका

जाधवकाकांना चुकूनही सोलकढी पाजू नका. पाजलीत तर तुमचा तास गेला. मी पाजली होती. वाटी तोंडाला लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ह्याला काय काय लागतं?" मी म्हटलं, नारळ, आमसुलं, मिरची, मीठ. "आणि आमसुलांना?" रातांबे आणि ऊन. "कुठल्या सालचं ऊन?" मी वाटी काढून घेतली.

माणूस तसा साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुरुडला आमच्या चार खोल्यांच्या लॉजशेजारी एकटेच राहतात. आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झाले.

त्यांचं एक सॉफ्टवेअर आहे. डोळे अधू असलेल्यांना ते पडद्यावरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवतं. फुकट, आणि आतला कोडही सगळ्यांना खुला. ज्याला हवा त्याने तो कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्या कॉम्प्युटरवर 'बिल्ड' करायचा, म्हणजे कच्च्या मालापासून चालतं सॉफ्टवेअर तयार करायचं. त्याला काही टूल, म्हणजे मदतनीस सॉफ्टवेअर, लागतात, त्या टूलना आणखी टूल लागतात. दर नव्या व्हर्जनबरोबर ही सगळी यादी द्यावी लागते. काकांचा अर्धा जन्म त्या यादीपायी गेलाय. यादी पुरी आहे का ते बघायला त्यांनी एक म्हातारा कॉम्प्युटर ठेवलाय. नेटची वायर काढायची, यादीतलं तेवढंच द्यायचं आणि बिल्ड होतं का ते बघत बसायचं. झालं की आमच्याकडे चहाला येणार, आणि चहाला काय लागतं ते विचारणार!

गेल्या महिन्यात मात्र वाजलं. नागपूरची ऋचा नावाची एक हुशार मुलगी हे काम त्यांच्याबरोबर करते. तिने बिल्डसाठी नवं टूल आणलं. फार छान आहे म्हणे. पण जुन्या कॉम्प्युटरवर ते चालेना आणि काका जुनं टूल सोडेनात. फोनला रेंज फक्त आमच्या पडवीत आणि काका बोलतात स्पीकरवर, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ऐकायचं नव्हतं असं मी म्हणत नाही.

"काका, जुनं टूल वापरणारा जगात एकच माणूस उरलाय हो!"

"एक हाय ना? मग झालं."

"रविवारच्या आत तुम्ही ते सोडा, नाहीतर मी काम सोडते."

फोन ठेवल्यावर मी झापलंच त्यांना. एवढी गुणी पोर, एका माणसापायी घालवताय? असा कोण लागून गेलाय तो?

"मिलिंद," काका म्हणाले. "माझा धाकटा."

त्यांना भाऊ आहे हेच मला ठाऊक नव्हतं. उरणला असतो, कंटेनर यार्डात. आईची नजर गेली तेव्हा तिला बातम्या ऐकता याव्यात म्हणून दोघा भावांनी मिळून हे सॉफ्टवेअर लिहिलं, मिलिंदच्याच कॉम्प्युटरवर. तो कॉम्प्युटर त्याने अजून बदललेला नाही. पुढे आईचं कुणी किती केलं यावरून दोघे भांडले आणि ती गेल्यावर बोलणंच संपलं. सात वर्षं झाली. पण दर नव्या व्हर्जननंतर मिलिंद तो कॉम्प्युटर लावतो, आणि सॉफ्टवेअरच्या पानावर लिहितो, 'बिल्ड झालं. चाललं.' बस्स. ना दादा, ना नमस्कार.

"तेवढ्यावरनं मला कळतं, बरा हाय तो," काका म्हणाले. "जुनं टूल काढलं तर तेवढंही बंद."

मी म्हटलं, हे ऋचाला सांगा की. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून सांगितलं. ती म्हणाली, "आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" दोघांनी खपून दोन्ही टूलनी बिल्ड होईल असं केलं. काकांनी यादी तीनदा तपासली. रविवारी दुपारी व्हर्जन बाहेर पडलं.

सोमवारी मिलिंदचं काही नाही. मंगळवारी नाही. काका दर तासाला माझ्या पडवीत हजर. बुधवारी सकाळी मीच मोबाइलवर ते पान उघडलं आणि काकांना हाक मारली. मिलिंदने लिहिलं होतं, 'बिल्ड झालं नाही. एक टूल कमी पडतंय. तुझ्या यादीत नाही. काय करू?'

काय झालं होतं, या नव्या जुळणीला पहिल्यांदाच लागणारं ते टूल काकांनीच कधीकाळी त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर टाकलं होतं आणि साफ विसरले होते. त्यामुळे त्यांच्याकडे बिल्ड सुरळीत झालं. दुनियेला काय लागतं ते विचारत फिरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्याच यादीत एक गोष्ट राहिली! मला वाटलं, आता हे खचणार. आठ दिवस जेवणार नाहीत.

ते घरात गेले ते इस्त्रीचा शर्ट घालूनच बाहेर आले. पेन ड्राइव्ह खिशात, हातात पिशवी, आणि तरातरा एसटी स्टँडच्या दिशेने.

"अहो काका, ते टूल ते केवढंसं! एका मिनिटात ईमेलने जाईल. त्यासाठी उरणपर्यंत कशाला?"

ते फाटकात थांबले. डोळे भरले होते, आणि ते लपवायचंही भान त्यांना नव्हतं.

"शुभांगी, सात वर्षांनी त्यानं मला विचारलंय, काय करू म्हणून. त्याला काय ईमेल करू?"